‘देवाने हे दुःख का दिलं?’ डायलिसिसच्या खुर्चीशेजारून आलेल्या प्रश्नाला उत्तर

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इतरांनाही समजावं म्हणून आधी ते थोडक्यात मांडतो. तुमच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या 38 व्या वर्षी निकामी झाल्या. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे आणि घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. सासूबाई म्हणतात, देव परीक्षा घेतोय. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, तुमच्या घरात काहीतरी लपलेलं पाप आहे. बरेपणाच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) एका सभेत उपदेशकाने सांगितलं की विश्वास असेल तर औषधं बंद करा. तुम्ही दोन वेळचं डायलिसिस चुकवलं आणि यजमान आयसीयूत गेले. आता तुम्ही विचारता: देवाने हे का दिलं? ख्रिस्ती माणसाच्या दुःखाला आत्मिक हेतू असतो असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, तो हेतू नेमका कोणता? देवाचा राग येतो, हे पाप आहे का? आणि हे सगळं मुकाट्याने सोसणं म्हणजेच आपला वधस्तंभ (क्रूस) उचलणं का?

मी 27 वर्षं पाळक आहे. त्यातली 16 वर्षं एका मिशन हॉस्पिटलात रुग्णांच्या खाटांपाशी गेली. पाळक म्हणून माझ्या पहिल्याच वर्षी मी एका चार वर्षांच्या मुलीच्या दफनविधीत म्हणालो होतो, ‘देवाला बागेतलं हे फूल फार आवडलं, म्हणून त्याने ते खुडलं.’ आपल्याकडे सर्रास म्हणतात तसं. तिचे वडील त्यानंतर दीड वर्ष चर्चमध्ये आले नाहीत. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘पाळकसाहेब, दुसऱ्याच्या बागेतलं फूल खुडणाऱ्याला आम्ही चोर म्हणतो.’ त्या दिवशी मी माफी मागितली. ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. तुम्हाला उत्तर देताना त्या वडिलांसमोर मान वर करून म्हणता येणार नाही, असं काही मी लिहिणार नाही.

सगळ्यात आधी लपलेल्या पापाबद्दल, कारण तो काटा आधी काढला पाहिजे. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला हाच प्रश्न केला होता: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (बायबल, योहान 9). शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हाही त्याने विचारलं की ते 18 जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही (लूक 13). दारूने यकृत खराब होतं, हे कारण आणि परिणामाचं सरळ नातं आहे, ते मी नाकारत नाही. पण आजार पाहून त्यामागचं पाप शोधत जाण्याचा अधिकार प्रभूने कोणाला दिलेला नाही. त्या बाईंना तुम्ही उत्तर द्यायची गरज नाही. त्यांच्या बोलण्यामुळे रात्री जागून जुने हिशोब काढत असाल, तर ते आज थांबवा.

आता ‘का’. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, सगळं काही गमावलेल्या एका सरळमार्गी माणसाचं, आपण फार घाईत वाचतो. पहिले दोन अध्याय आणि शेवटचा, मधलं सगळं गाळून. मधले अध्याय हळूहळू वाचा. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पानंच्या पानं देवाची बाजू मांडली: देव न्यायी आहे, तो उगाच शिक्षा करत नाही, तू कबूल हो. ऐकायला सगळं भक्तिभावाचं. ईयोब मात्र ओरडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. अडतिसाव्या अध्यायात देव वादळातून बोलतो, पण ‘का’ याचं उत्तर देत नाही. पहिल्या अध्यायात स्वर्गात जे घडलं (सैतानाने ईयोबाला पारखायची परवानगी मागितली आणि देवाने ती दिली) ते वाचकाला ठाऊक असतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांतल्या अलीफजाला सांगतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बरोबर बोलला, तुम्ही नाही. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने चूक ठरवलं. त्याच्याशी भांडणाऱ्याला त्याने आपला सेवक म्हटलं.

म्हणून ‘देवाने हे का दिलं’ याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ ते तयार आहे त्याच्यापासून तुम्ही जरा दूर राहा असंच मी सांगेन. किडनी निकामी होण्याची कारणं डॉक्टर सांगतात: मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, काही आनुवंशिक आजार. पापात पडलेल्या, कण्हणाऱ्या जगात आपण राहतो आणि आपली शरीरंही त्याच जगातली आहेत, एवढं पवित्र शास्त्र (बायबल) सांगतं. देवाने तुमच्या यजमानांची फाईल काढून त्यावर ‘किडनी’ असं लिहिलं, हे मात्र शास्त्रात मला कुठे सापडलेलं नाही.

मग हेतूचं काय? माझी सगळी भिस्त एका फरकावर आहे. दुःख ‘कशासाठी पाठवलं’ हा एक प्रश्न. दुःखात सापडलेल्या माणसाबरोबर देव आता काय करतो आहे, हा दुसरा. आपण दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतो आणि तिथेच जखम होते. जन्मांध माणसाच्या प्रसंगात येशू म्हणतो की देवाची कार्यं याच्यात प्रकट व्हावीत. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, देवाने त्याला चमत्कार दाखवायला आंधळं जन्माला घातलं. पुढचं वचन वाचा: दिवस आहे तोवर ज्याने मला पाठवलं त्याची कामं आपल्याला केली पाहिजेत. आणि तो लगेच खाली वाकतो, थुंकीने चिखल करतो, कामाला लागतो. शिष्य त्या माणसाच्या भूतकाळात शोधत होते. येशूने त्याच्या डोळ्यांना हात लावला. हेतू हा शब्द मी वापरतो तो या अर्थाने.

प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ते प्रसिद्ध वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे तुम्हाला लोकांनी किती वेळा ऐकवलं असेल याची मला कल्पना आहे. ते आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन. त्याआधी सहा वचनांत तीन कण्हणं आहेत: सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो. पौल तीनदा कण्हतो आणि मगच अठ्ठाविसाव्या वचनाला येतो. आपण कण्हणं वगळून थेट तिथे उडी मारतो, आणि तीही दुसऱ्याच्या वतीने. शिवाय पौल सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत असं म्हणत नाही. छळ, उपासमार, तरवार यांची यादी तो त्याच अध्यायात देतो आणि त्यातल्या एकीलाही चांगलं म्हणत नाही.

त्याच्या स्वतःच्या शरीरातल्या काट्याचं बघा (2 करिंथ 12). तो काटा म्हणजे कोणता आजार, यावर दोन हजार वर्षं तर्क चालू आहेत. ते सोडून देऊ. मला त्या उताऱ्यात तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, पौल त्याला ‘सैतानाचा दूत’ म्हणतो. दुःखाला गोड नाव देत नाही. दोन, तो काढून टाकावा म्हणून तो तीनदा विनंती करतो, म्हणजे दुःख जावं अशी प्रार्थना करणं हा अविश्वास नव्हे. तीन, तो काटा आपल्याला का मिळाला ते पौल स्वतः स्वतःबद्दल सांगतो, आणि ज्या दर्शनाच्या संदर्भात सांगतो त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. शेजाऱ्याने त्याच्या घरी येऊन ‘पौलभाऊ, तुम्हाला गर्व होऊ नये म्हणून हे झालं बरं का’ असं सांगितलं नाही. दुःखाचा अर्थ ज्याचं दुःख आहे त्यालाच, त्याच्या वेळेला उमगतो. बाहेरून चिकटवलेला अर्थ ओझ्यावर आणखी ओझं ठेवतो. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे प्रभूने पौलाला म्हटलं. तुमच्या यजमानांना ते म्हणायचं असेल तर तोच म्हणेल. आपण ते वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊ नये.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला या बाबतीत सगळ्यात जवळचं वाटतं, पंडिता रमाबाईंचं. त्यांचं नाव आपण शाळा, केडगावचं मुक्ती मिशन (निराधार स्त्रियांचा आश्रम) एवढ्यापुरतं घेतो, त्यामागची वाट विसरतो. 1874 च्या दुष्काळात, तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या त्या कुटुंबातले वडील उपासमारीने गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा 16 वर्षांच्या. मरणाच्या दारात असलेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला त्या एका घरी गेल्या आणि शरमेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न झालं. पती बिपिनबिहारी मेधावी 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. वयाची 24 वर्षं पूर्ण व्हायच्या आत या बाईंनी आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावले होते. आणि हे सगळं 1883 च्या बाप्तिस्म्याच्या आधीचं.

मग 1896–97 चा दुष्काळ आला. रमाबाई पुण्यात शारदा सदन ही विधवांची शाळा चालवत होत्या. त्या उठल्या, मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार, विधवा मुलींना गोळा करून आणू लागल्या. एकदोन नव्हे, शेकडो. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावात ही संख्या हजारावर गेली. दुष्काळाच्या छावणीत बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीकडे पाहून त्यांना काय दिसत असेल, ते वेगळं सांगायला नको. त्या मुलीला भीक मागताना शब्द का फुटत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता मला कोणी विचारलं की 1874 चा दुष्काळ देवाने केडगावसाठी पाठवला का, तर मी स्पष्ट ‘नाही’ म्हणेन. त्या दुष्काळात मेलेली बाकीची माणसं ही काय एका मिशनच्या पायात भरलेली खडी होती? असं म्हणणारा देव मला शास्त्रात दिसत नाही. पण त्या दुष्काळात होरपळलेल्या मुलीला देवाने सोडलं नाही, आणि बावीस वर्षांनी तिची तीच जखम दुसऱ्यांसाठी दार झाली. जे झालं ते वाईटच होतं. देवाने ते वाईट वाया जाऊ दिलं नाही. मी हेतू म्हणतो तो एवढाच, आणि याहून मोठं काही सांगायची माझी हिंमत नाही.

आणखी एक सांगतो, कारण रमाबाईंची गोष्ट आपण ‘आणि मग सगळं चांगलं झालं’ इथे संपवतो. मनोरमा 1921 च्या जुलैत वारली. रमाबाई 63 वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले, हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर चालू. एवढी सेवा केल्यावर देवाने तरी त्यांना हे दुःख दाखवायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 ला, त्या प्रभूमध्ये निजल्या. सेवा केली म्हणून पुढचं दुःख टळतं असा करार देवाने कोणाशी केलेला नाही.

दुःखातून देव माणसात काय घडवतो, याबद्दल शास्त्र बोलतं आणि मीही खाटांपाशी पाहिलंय. पौल म्हणतो, संकटाने धीर येतो, धीराने शील, शीलाने आशा. इथे ‘शील’ म्हणजे पारखून निघालेलं. बाजारात नाणं वाजवून घेतात तसं. मी पाहिलेल्या पुष्कळ रुग्णांची प्रार्थना आजारात बदलली. आधी ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या’ अशी लांबलचक सुरुवात असायची, मग ती ‘बापा, आज नको’ एवढ्यावर आली. मला ही दुसरी प्रार्थना अधिक खरी वाटते. काहींच्या बाबतीत पैसा, मान, मंडळीतलं (चर्चमधलं) पद हे सगळं हातून गेलं आणि ते गेल्याचं त्यांना वाईट वाटेनासं झालं. पण काही माणसं कडवट झाली, हेही मी पाहिलंय. चांगली, प्रार्थना करणारी माणसं. ती नापास झाली असं मी म्हणणार नाही. दुःख आपोआप कोणाला पवित्र करत नाही. त्यात माणसाच्या सोबत कोण होतं, वेदना आटोक्यात होती का, घरात पैसा होता का, रात्री झोप मिळाली का, या सगळ्याचा त्यात हात असतो.

एक फळ मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सुरुवातीला पाच वचनांत दहा वेळा सांत्वनाचा शब्द वापरतो: देव आपलं सांत्वन करतो, ते अशासाठी की त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्याचं करावं. मूळ ग्रीक शब्दाच्या मुळाशी हाक मारून जवळ बोलावण्याचा अर्थ आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटलंय ते त्याच शब्दकुळातून. पुढच्याच वचनात पौल कबूल करतो की आशिया प्रांतात आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. म्हणजे सांत्वनावर लिहिणारा माणूस जगण्याची आशा हरवून बसला होता. आमच्या हॉस्पिटलात डायलिसिस युनिटमध्ये एक आजोबा होते. नवा रुग्ण पहिल्यांदा खुर्चीवर बसला की ते आपली खुर्ची त्याच्या बाजूला मागून घेत. उपदेश करत नसत. फक्त म्हणत, ‘पहिले चार तास लांब वाटतात. मी इथे आहे.’ मी सेमिनरीत (पाळकांच्या प्रशिक्षणशाळेत) जे शिकलो नव्हतो ते त्यांच्याकडून शिकलो.

आता तुमचा वधस्तंभाचा प्रश्न. ‘स्वतःला नाकारून, दररोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे चला’ असं येशू म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ रोमी शिपाई आणि खिळे असा कळत होता. येशूच्या मागे चालल्यामुळे जे वाट्याला येतं ते वधस्तंभ. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घरदार, नाती तुटली, त्यांच्या पत्नीनेही जवळजवळ पाच वर्षं ताटातूट सोसली. तो वधस्तंभ होता, आणि दोघांनीही तो सोसला. किडनीचा आजार हा त्या अर्थाने वधस्तंभ नाही. तो आजार आहे, आणि आजाराशी ख्रिस्ती माणसाने लढायचं असतं. पण ताई, सोडून जाता आलं असतं तरी तुम्ही रोज त्या खुर्चीशेजारी बसता, मुलांचे डबे करून, बस पकडून. ते तुम्ही प्रीतीने उचललेलं आहे. त्याला मी वधस्तंभ म्हणेन.

इथे थोडं विषय सोडून बोलतो, कारण हे पत्र इतर बहिणीही वाचतील. ‘नवरा मारतो, सोस, तो तुझा वधस्तंभ आहे’ असा सल्ला आपल्या मंडळ्यांमध्ये अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि मी हे पाळक म्हणून जबाबदारीने लिहितो. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असं त्याने शिष्यांना सांगितलं. पौल दिमिष्कात (दमास्कसमध्ये) टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरला, आणि फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. टाळता येण्यासारखं दुःख टाळणं, अन्यायाविरुद्ध कायद्याकडे जाणं, पोलिसांत तक्रार करणं, हे सगळं शास्त्राला धरून आहे. मार खाण्यात कोणतंही आत्मिक पुण्य नाही.

औषधांबद्दलही तसंच. डायलिसिस बंद करा म्हणणाऱ्या माणसाचं पुन्हा ऐकू नका. बरेपणासाठी प्रार्थना करा, हात ठेवून घ्या, तेल लावून घ्या, याकोबाच्या पत्रात तसं सांगितलंय. पण विश्वास म्हणजे मशीन बंद करणं नाही. 1894 मध्ये मिरजेला मिशनरी वॉनलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल उभारलं, ते प्रार्थना करूनच उभारलं आणि त्यात शस्त्रक्रिया केल्या. 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गेले, तेव्हा त्यांनी गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेवक केलं. त्यांच्या विश्वासात आणि औषधात भांडण नव्हतं. तुम्ही प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलंय का, ते पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर आपल्या विभागाच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्रात हॉस्पिटलमार्फत ते नोंदवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं का, हेही हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

वेदनाशामक औषधाला काही जुनी माणसं नाही म्हणतात, ‘प्रभूनेही वधस्तंभावर बोळमिश्रित द्राक्षारस नाकारला’ असा दाखला देऊन. वेदना बधिर करायला दिलेला तो द्राक्षारस खिळे मारण्याआधी त्याने नाकारला, हे खरं. पण शेवटच्या क्षणी आंब (आंबट द्राक्षारस) भरलेला स्पंज ओठाला लावला तेव्हा त्याने घेतला. आणि त्याआधी तो काय म्हणाला? ‘मला तहान लागली आहे.’

ताई, तुमच्या यजमानांना दिवसाला किती पाणी मोजून देता, ते तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात, माठ समोर असताना, एका वेळी पेल्याचा चौथा भाग. डायलिसिसवरच्या रुग्णांना मी विचारलं की सगळ्यात जास्त काय छळतं, तर बहुतेकांनी सुई नाही, अशक्तपणा नाही, तहान सांगितली. एकदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी युनिटमध्ये प्रभूची वधस्तंभावरची सात वाक्यं वाचत होतो. पाचव्या वाक्याला, म्हणजे याच तहानेच्या वाक्याला, एक रुग्ण, जो ख्रिस्ती नव्हता, म्हणाला, ‘थांबा साहेब. तुमचा देव असं म्हणाला?’ मी म्हटलं, हो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मग त्याला कळत असेल.’ ख्रिस्ती विश्वासाचं दुःखाबद्दलचं सगळं म्हणणं मला त्या चार शब्दांच्या आसपास दिसतं. देवाने दुःखाचं स्पष्टीकरण पाठवलं नाही, तो स्वतः देह धारण करून आला आणि त्याला तहान लागली. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांतले व्रण गेले नव्हते. शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने तेच दाखवले.

रागाबद्दल विचारलंत. देवाचा राग येणं हे पाप नाही. मन मोकळं न करता भक्तीचा मुखवटा घालणं मला जास्त धोक्याचं वाटतं. 150 स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास विलापाची स्तोत्रं आहेत. म्हणजे देवाने आपल्या लोकांच्या हातात दिलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकात तक्रारीला मोठी जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एक ओळही आशेची नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं म्हटलं, तेही एका स्तोत्राचं पहिलं वचन. प्रत्यक्ष पुत्राने ‘का’ विचारलं. तुम्ही विचारलंत तर आभाळ कोसळणार नाही. मात्र राग त्याच्याशी बोला, त्याच्याबद्दल शेजारी बोलून थांबू नका. आणि मुलांसमोर रडायला लाजू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी, त्याला आपण पाच मिनिटांत उठवणार हे ठाऊक असताना, येशू रडला.

सासूबाईंवर मात्र रागावू नका, असं माझं मागणं आहे. ‘देव परीक्षा घेतोय’ हे त्या मुलाला पाहून म्हणतात, कारण काही अर्थ नसेल तर त्यांना उभंच राहता येणार नाही. त्यांना एकदा विचारा, ‘आई, तुम्हाला भीती वाटते का?’ माझा अनुभव आहे की या प्रश्नानंतर परीक्षेची भाषा बंद होते आणि दोघी एकत्र रडतात.

आणि मदत मागा. मंडळीच्या वडीलजनांना सांगा की डायलिसिसच्या दिवशी मुलांना शाळेतून आणायला कोणीतरी हवंय. ‘प्रार्थना करतो’ असं म्हणणाऱ्यांना एक ठरावीक काम द्या: मंगळवारची भाजी, शुक्रवारची रिक्षा. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं लिहिलंय, आणि ओझं म्हणजे यात पिशवीसुद्धा आली. तुम्हाला स्वतःला रात्री झोप येत नसेल, खाणं सुटलं असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली ‘आता माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून पुन्हा खायला दिलं.

प्रार्थना सुचत नाही असं शेवटी लिहिलंत. तेरावं स्तोत्र घ्या, सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. पाचव्यात सूर बदलतो आणि भरवशाची भाषा येते. रात्री मशीनचा आवाज कानात असताना ते मोठ्याने वाचा, यजमान जागे असतील तर त्यांच्यासोबत. चौथ्या वचनापर्यंत गेलात आणि पुढचं खोटं वाटलं, तर तिथेच थांबा, पुस्तक मिटा, झोपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू करा. पाचवं आणि सहावं वचन तोवर तुमच्या वतीने मी इथे वाचत राहीन. तुमच्या दोघांची नावं माझ्या वहीत लिहून ठेवली आहेत.